अवयव आणि अवयवी : छोट्या संगणकाच्या निमित्ताने

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच राखली आहे. पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



विषय जाहीर झाल्यापासून दोन-तीन जणांनी मला विचारलं, सर, तुम्ही आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलंत, आता हा मदरबोर्ड मध्येच कुठून आला? (हशा) प्रश्न रास्त आहे. पण मी आज काही फार वेगळं करणार नाही. समीक्षा म्हणजे एखादी रचना समोर ठेवायची आणि ती जे साधायचं म्हणते ते साधतं का, कशाच्या मोलाने साधतं, हे तपासायचं. आज समोर कविता नाही, पेटी आहे. घरी सुटे भाग आणून जोडलेला, टेबलाच्या कोपऱ्यात मावणारा डेस्कटॉप. आपण त्याला ‘असेंबल केलेला पीसी’ म्हणतो.

सुरुवात यादीपासून करू. असा संगणक जोडायचा म्हटलं की पहिल्यांदा यादी होते. सात-आठ ओळींची : प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, प्रोसेसरवरचा पंखा, हवं असेल तर ग्राफिक्स कार्ड. मग ती जाणकाराला दाखवायची आणि विचारायचं, यादी बरोबर आहे ना? तो सॉकेट जुळतं का, रॅमची जात जुळते का, पंख्याची उंची मावते का, हे बघून म्हणतो, बरोबर आहे. आणि इथेच माझी हरकत आहे. यादीतली प्रत्येक ओळ बरोबर असून संगणक चुकीचा असू शकतो. हे मी ऐकीव सांगत नाही, हे माझ्या घरी घडलंय. त्याकडे नंतर येतो.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे नेमकं काय? चाक म्हणजे रथ का? आस? जू? यातलं एकेक म्हणजे रथ नाही, आणि या सगळ्यांहून निराळा असा रथही दाखवता येत नाही. तेव्हा ‘रथ’ हे व्यवहारापुरतं नाव. नैयायिकांना हे मान्य नाही. ते म्हणतात, अवयव वेगळे आणि अवयवी वेगळा. तंतू म्हणजे पट नव्हे. तंतूंच्या ठायी समवायाने राहणारा पट ही नवी वस्तू आहे. शतकानुशतकं वाद चालला. मी तो आज मिटवणार नाही. (हशा) पण एक गंमत माझ्या लक्षात आली ती सांगतो. मोठ्या कॅबिनेटात नागसेन जिंकतो, छोट्या कॅबिनेटात नैयायिक.

कसं ते बघा. नेहमीचं उभं कॅबिनेट चाळीस-पन्नास लिटरचं असतं. त्यात भाग एकमेकांशेजारी नुसते राहतात, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे. ग्राफिक्स कार्ड तापलं तरी प्रोसेसरला त्याचं फारसं सुखदुःख नसतं, मध्ये भरपूर हवा असते. तिथे यादी म्हणजेच जवळजवळ संगणक. आता तेच भाग सात लिटरमध्ये कोंबा. एकाची गरम हवा दुसऱ्याच्या नाकात जाते. एसएमपीएसची केबल दोन इंच लांब असली तर ती पंख्याला अडते. रॅमच्या पट्टीवर शोभेची उंच टोपी असली तर वरचा हीटसिंक बसत नाही. भागांमधले संबंध हाच इथे मुख्य पदार्थ होतो, आणि यादीत संबंध लिहायला रकाना नसतो.

थोडा इतिहास. इंटेलने एटीएक्स हा मदरबोर्डचा साचा १९९५ साली आणला. ३०५ बाय २४४ मिलिमीटर. सुट्या भागांचा बाजार या साच्यावर उभा राहिला. कुणाचाही बोर्ड कुणाच्याही कॅबिनेटात बसावा, हे त्यातलं लोकशाही तत्त्व. २००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स पुढे आणला. १७० बाय १७० मिलिमीटर, म्हणजे साधारण वीतभर. यातलं शहाणपण असं की बोर्ड लहान केला, पण स्क्रूची भोकं आणि मागच्या जोडण्यांची जागा मोठ्या साच्याशी जुळती ठेवली. त्यामुळे छोटा बोर्ड मोठ्या कॅबिनेटातही बसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

लहान होताना काय गेलं? कार्डासाठी स्लॉट राहिला एकच. रॅमच्या जागा चाराच्या दोन झाल्या. आणि किंमत? सर्वसाधारण समजूत अशी की लहान म्हणजे स्वस्त. इथे उलट. त्याच चिपसेटचा मोठा बोर्ड लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळेल, छोट्यासाठी विचारत फिरावं लागतं आणि तो महागही पडतो. एसएमपीएसचं तेच. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच. छोट्या कॅबिनेटाला लागतो तो एसएफएक्स, १२५ बाय ६३.५ बाय १००. तेवढीच वीज कमी जागेतून द्यायची म्हणजे कारागिरी जास्त, दाम जास्त. थोडक्यात, आपण इथे नसलेल्या जागेचे पैसे मोजतो.

आता उष्णतेकडे येऊ. छोट्या संगणकाची खरी समीक्षा इथेच होते. संगणक जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. पंखा उष्णता नाहीशी करत नाही, फक्त हलवतो. तो खोलीच्या हवेनेच गार करतो, म्हणून खोलीपेक्षा गार कधीच करू शकत नाही. समजा, परदेशातल्या एखाद्या परीक्षकाने २२ अंशांच्या खोलीत चाचणी घेतली आणि प्रोसेसर ८० अंशांवर स्थिरावला. म्हणजे खोलीपेक्षा ५८ अंश वर. हाच संगणक विदर्भात मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत ठेवा. ४२ अधिक ५८ म्हणजे शंभर. बऱ्याच रायझन प्रोसेसरांची मर्यादा ९५ आहे. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो. मोडत नाही, बिघडत नाही, गुपचूप मंद होतो. ‘उत्तम कूलिंग’ हा परीक्षकाचा शेरा खोटा नव्हता. तो त्याच्या खोलीपुरता खरा होता.

दुसरा शब्द ‘६५ वॅट’. प्रोसेसरच्या खोक्यावर हा आकडा असतो आणि आपण समजतो की हा गडी ६५ वॅट खाणार. एएमडीच्या एएम-४, एएम-५ प्रोसेसरांत ६५ वॅटचा वर्ग म्हणजे सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत ओढण्याची मुभा. इंटेलचा कोअर आय-५ १२४०० घ्या. त्याचा मूळ आकडा ६५, पण जोर लावताना मर्यादा ११७ वॅट. कंपन्या हे लपवत नाहीत, तपशिलात छापलेलं असतं. पण खोक्यावरचा आकडा वर्गाचं नाव आहे, मोजमाप नव्हे. नाव आणि वस्तू यांतला फरक विसरला की काय होतं ते आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. (हशा) मोठ्या कॅबिनेटात हा फरक पचतो. ३७ मिलिमीटर उंचीच्या हीटसिंकखाली पचत नाही.

आता प्रत्यक्ष काही पेट्या बघू. चार नमुने घेतो.

पहिला घरी जोडलेला नाही, पण या सगळ्या हौसेचा पूर्वज आहे. ॲपलचा पॉवर मॅक जी-४ क्यूब, सन २०००. साधारण आठ इंचांचा घन, पारदर्शक आवरणात तरंगल्यासारखा. आत पंखाच नाही. गरम हवा आपोआप वर जाते या नियमावर चालणारा. आज तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे, आणि बाजारात तो जेमतेम वर्षभर टिकला, जुलै २००१ मध्ये उत्पादन थांबलं. महाग होता, वाढवायला वाव कमी होता. दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. एक, त्याचा वीजपुरवठ्याचा ठोकळा पेटीबाहेर, टेबलाखाली होता. म्हणजे लहानपण काही अंशी नजरेआड ढकललेलं होतं. दोन, आणि ही त्याच्या बाजूची, खालची मूठ ओढली की आतला सगळा गाभा सरळ बाहेर येत असे. एवढी देखणी वस्तू, पण उघडण्याला तिने नकार दिला नव्हता.

दुसरा, डॅन ए-४ एसएफएक्स. एका जर्मन हौशी माणसाने आराखडा केला, २०१६ साली लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून तो प्रत्यक्षात आणला. ७.२ लिटर. एका बाजूला बोर्ड, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड, पाठीला पाठ लावून, आणि दोघांना जोडणारी एक चपटी केबल, रायझर. रचना म्हणून ही फार हुशार आहे. दोन्ही तापणारे भाग बाहेरच्या जाळीला तोंड करून बसतात, प्रत्येकाला आपली खिडकी. पण प्रोसेसरवरच्या हीटसिंकला उंची मिळते फक्त ४८ मिलिमीटर. आणि त्या रायझरची एक गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या रायझर पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या होत्या. पुढे चौथ्या पिढीचे बोर्ड आणि कार्ड आले. खाच तीच, त्यामुळे बसतं सगळं. पण दोघं चौथ्या पिढीच्या वेगाने बोलायला जातात आणि मधल्या केबलला तो वेग झेपत नाही. कुठे पडदा काळा, कुठे मध्येच बंद. मग बायोसमध्ये जाऊन हाताने ‘तिसरी पिढी’ असं बजावावं लागतं. यादीत बोर्ड बरोबर, कार्ड बरोबर, कॅबिनेट बरोबर. चूक दोघांच्या मधल्या जागेत.

तिसरा, कूलर मास्टरचा एनआर-२००, सन २०२०. १८.२५ लिटर. हौशी मंडळी नाक मुरडतात, की हा कसला छोटा? पण यात पूर्ण आकाराचे १२० मिलिमीटरचे पंखे बसतात, उंच हीटसिंक बसतो, आणि चारही बाजू हाताने निघतात. मोठा पंखा सावकाश फिरून जेवढी हवा ढकलतो, तेवढ्यासाठी लहान पंख्याला धावाधाव करावी लागते, आणि धावाधाव ऐकू येते. एनआर-२००कडे क्यूबचं सौंदर्य नाही, डॅनची हुशारी नाही. त्याच्याकडे समजूतदारपणा आहे. समीक्षक समजूतदारपणाला कमी गुण देतात, ही आमच्या धंद्याची जुनी खोड.

चौथा, अॅझरॉकचा डेस्कमिनी एक्स-३००. १५५ बाय १५५ बाय ८०, म्हणजे १.९२ लिटर. ग्राफिक्स कार्डाला जागाच नाही. लॅपटॉपची रॅम, १२० वॅटचा अडॅप्टर बाहेर, हीटसिंकला ४६ मिलिमीटर. हा प्रामाणिक आहे. काय करणार नाही ते तो आधीच सांगतो. लिहिणं, वाचणं, हिशेब, चित्रपट यांसाठी यापेक्षा जास्त कुणाला लागतं, हे मला तरी कळलेलं नाही.

या चौघांवरून एक हरकत मांडतो. या छंदात ‘लिटर’ हे मूल्य होऊन बसलंय. माझा नऊ लिटरचा, तुझा अकरा. पण लिटर काय मोजत नाही ते बघा. बाहेरचा अडॅप्टर मोजत नाही. मागून निघणाऱ्या वायरींना वळायला लागणारी चार बोटं मोजत नाही. हवा घ्यायला भिंतीपासून सोडायची जागा मोजत नाही. आवाज तर मोजतच नाही, आणि माझ्या मते आवाजही जागा व्यापतो. आता याचा कळस सांगतो. २०२४ मध्ये एन्व्हिडियाने ‘छोट्या कॅबिनेटांना योग्य’ अशा ग्राफिक्स कार्डांसाठी माप जाहीर केलं : लांबी ३०४ मिलिमीटरपर्यंत, उंची १५१, जाडी ५०. ३०४ मिलिमीटर म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढं. गुणाकार करा, २.३ लिटर होतात. म्हणजे छोट्या संगणकासाठीच्या नुसत्या एका कार्डाची कमाल जागा आख्ख्या डेस्कमिनीपेक्षा मोठी! (हशा) माप ठरवून दिलं हे चांगलंच झालं, निदान आता काय बसेल ते आधी कळतं. पण ‘छोटा’ हा शब्द इथे किती ताणलाय तेही दिसतं.

आता माझी गोष्ट. माझ्या गुरूंची व्याख्यानं आम्ही विद्यार्थ्यांनी ऐंशीच्या दशकात कॅसेटवर टिपली होती. साध्या टेपरेकॉर्डरवर, मागच्या बाकावरून. आवाज क्षीण, त्यावर खरखर. निवृत्तीनंतर ठरवलं की या सगळ्या संगणकात उतरवायच्या, साफ करायच्या आणि शब्दशः लिहून काढायच्या. त्यासाठी मी जानेवारीत संगणक जोडला. रायझन ५ ५६००जी, सहा गाभ्यांचा, चित्राचं काम त्यातच होतं म्हणून वेगळं कार्ड नको. बोर्ड मिनी-आयटीएक्स. आणि कॅबिनेट, मोहच म्हणा, चार लिटरच्या आतलं. शब्दकोशाशेजारी शब्दकोशासारखंच उभं राहायचं. यादी दोन जाणकारांनी तपासली होती. बरोबर होती.

जानेवारीत जोडला आणि मे महिन्यात कळला. खरखर काढायचं काम म्हणजे प्रोसेसरला तासन्‌तास एकसारखा जोर. पंखा शिट्टी घालायला लागला. आणि मी काय करतोय, तर चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसाचा पुटपुटल्यासारखा आवाज ऐकतोय. वाक्याच्या शेवटी ते आवाज खाली आणत, तिथे नेमका मुद्दा असे, आणि तिथेच मला पंखा ऐकू येई. हेडफोन लावूनही. दोन ठिकाणी मी चुकीचा शब्द लिहिला. ‘अभाव’च्या जागी ‘स्वभाव’. न्यायदर्शनात याने केवढा अनर्थ होतो ते इथले जाणकार समजतील. ऐकण्यासाठी घेतलेलं यंत्र ऐकू देत नव्हतं. याला मी बिघाड म्हणत नाही. यंत्र आपलं काम चोख करत होतं. निवड माझी चुकली होती.

मग मगाशी सांगितलेली भोकं उपयोगी पडली. तोच बोर्ड उचलून अठरा लिटरच्या कॅबिनेटात बसवला. मोठा हीटसिंक, सावकाश फिरणारा १२०चा पंखा, एसएफएक्स एसएमपीएस. बायोसमध्ये इको मोड लावून प्रोसेसरला ४५ वॅटच्या वर्गात आणलं. वेग किंचित उतरला, उष्णता पुष्कळ उतरली. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच, रॅम तीच, एसएसडी तीच. गणना करणारा एकही भाग बदलला नाही. आणि समोर दुसराच संगणक होता. खोलीतल्या पंख्यापुढे याचा पंखा ऐकू येईना. नागसेनाविषयी मला आदर आहे, पण त्या दिवशी मी नैयायिकच होतो.

तेव्हा निवड करताना क्रम उलटा करा, एवढंच माझं म्हणणं. लोक प्रोसेसरपासून सुरू करतात आणि कॅबिनेटावर संपवतात. तुम्ही कामापासून सुरू करा : काय करायचंय, कुठल्या खोलीत, कुठल्या महिन्यात, किती शांततेत. त्यावरून किती वॅटची उष्णता परवडेल ते ठरवा, खोक्यावरचा आकडा नव्हे, जोराच्या वेळची मर्यादा बघून. त्यावरून हीटसिंकची उंची. ती मावेल असं कॅबिनेट. कॅबिनेटावरून एसएमपीएस. बोर्ड, रॅम, एसएसडी शेवटी. रॅम बुटकी घ्या, टोपीवाली नको. आणि धुळीची जाळी हाताने निघते का ते दुकानातच बघा. आपल्याकडची धूळ कुठल्याच चाचणीत नसते.

आता शेवटचा आणि मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? तयार मिळतो तो आणावा. २०२४ चा मॅक मिनी बघा, १२७ मिलिमीटर चौरस, ५० उंच, लिटरभराचासुद्धा नाही, शांत आहे, वेगवान आहे. आपण जोडलेला कुठलाच संगणक त्या मापात त्याच्या जवळ जाणार नाही. हे खरंय, आणि ज्याला फक्त काम करायचंय त्याला मी तेच सांगेन. पण त्याची रॅम घेताना जेवढी घ्याल तेवढीच कायमची. माझ्यासारखा चुकलेला माणूस तिथे दुरुस्ती करू शकत नाही, तो फक्त पुन्हा खरेदी करू शकतो. जोडलेल्या संगणकाचं मोल स्वस्ताईत नाही, वेगात नाही, लहानपणात तर नाहीच. आपली चूक आपल्याला उघडून बघता येते आणि तिच्यातला चांगला भाग वाचवता येतो, यात ते आहे. म्हणून लहानपण जिथे उघडणंच अशक्य करतं, तिथे घरी जोडण्याला काही अर्थ उरत नाही. ती सीमा कुठली, ते लिटरमध्ये सांगता येत नाही. तुमचा हात आत जातो का, एवढं बघा.



(यानंतर श्रोत्यांचे दोन प्रश्न घेण्यात आले.)

प्रश्न : सर, सगळा शोध घेऊनही निर्णय होत नाही. रोज काहीतरी नवीन येतं. थांबायचं कुठे?

उत्तर : हर्बर्ट सायमन नावाचा विचारवंत होऊन गेला. त्याचं म्हणणं असं की माणूस सर्वोत्तम निवडत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो, आणि तेच शहाणपणाचं असतं. फक्त ‘पुरेसं’ म्हणजे किती, हे शोध सुरू करण्याआधी कागदावर लिहा. नंतर लिहिलंत तर दुकानदार लिहील. (हशा)

प्रश्न : त्या कॅसेटींचं काय झालं?

उत्तर : चालू आहे. एकूण एकसष्ट आहेत, अडतीस झाल्या. ‘स्वभाव’ खोडून ‘अभाव’ केलाय. बाकीच्या या उन्हाळ्यात. यंदा पंख्याची भीती नाही, माझ्या कानांची आहे.